पाढे हवेतच, पण पेटी आणि चष्माही हवा

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला शिक्षणावर बोला म्हणून सांगण्यात आलं आहे. 'शिका' हा शब्द उच्चारून टाळ्या घेणं आणि खाली बसणं सोपं असतं. ते मी करणार नाही. आपल्या वस्तीतली जी मुलं महापालिकेच्या प्राथमिक शाळेत जातात, त्यांना भाषा-गणिताच्या पलीकडे काय मिळतं, काय मिळायला हवं, तेवढंच बोलतो. चित्रकला, संगीत, खेळ, कार्यानुभव, वाचनालय हे एकीकडे. आणि डॉक्टरची तपासणी, दुपारचं जेवण, मागं पडलेल्या मुलाला आधार, हे दुसरीकडे.

आपलेच लोक म्हणतात, हे सगळं जादा. आधी पाढे येऊ द्या, मग पेटी वाजवा! पण ज्याच्या खिशात पैसा आहे तो असं म्हणत नाही, बरं का. तो आपल्या पोराला पैसे भरून पोहायला पाठवतो, तबल्याला पाठवतो, चित्रांच्या क्लासला घालतो. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत रंगपेटी उघडायला जागा कुठं आहे? आपल्या पोराच्या हाती ब्रश आला तर शाळेतच येणार. म्हणून पालिकेच्या शाळेतला संगीताचा तास बंद झाला तर श्रीमंताच्या मुलाचं काहीच जात नाही. जातं ते आपल्या मुलाचं.

हा विचार आजचा नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेसाठी वाचन, लेखन, हिशेब तर मागितलेच, पण शेतीची मूलभूत माहिती आणि नीती व आरोग्य यांचे पाठही मागितले. नुसती अक्षरओळख पुरे, असं ते म्हणाले नाहीत. पुढे १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात बाबासाहेबांनी शिक्षणखात्याचा हिशेबच मांडला. शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत पोचतात फक्त १८, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. नाव घालणं आणि मूल टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी दाखवून दिलं.

मूल टिकतं कशानं? माझा वस्तीतला अनुभव सांगतो, कोणाला पटो न पटो. ज्याला गणितात दहापैकी दोन मिळतात त्याला जर कबड्डीत कोणी शाबास म्हणालं, तर तो दुसऱ्या दिवशी शाळेत येतो. नाही तर नाक्यावर जातो. खुद्द बाबासाहेब, एवढ्या ग्रंथांचा धनी माणूस, उतारवयात व्हायोलिन शिकायला बसले. त्यांना ते जादा वाटलं नाही!

आता कायदा काय म्हणतो ते बघा. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. प्रत्येक शाळेला वाचनालय हवं, खेळाचं मैदान हवं, खेळाचं साहित्य हवं, असं त्याच्या परिशिष्टात आहे. सहावी ते आठवीत १०० च्या वर मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अर्धवेळ शिक्षक हवेत, असंही आहे. पण मेख इथंच आहे. पहिली ते पाचवीला हा नियम नाही. ज्या वयात पोराचं बोट खडूनं भिंत रंगवायला शिवशिवतं, त्याच वयाला कायद्यानं वगळलं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय अशी भिंत नको असं लिहिलंय. कागदावर छान आहे. एका शाळेत मी पाहिलं, संगीताच्या खोलीत मोडकी बाकं रचलेली आणि पेटी त्यांच्याखाली.

आणि ही एक गोष्ट माता-भगिनींनी नीट ऐकावी. आपल्या गल्लीतली एक मुलगी तिसरीपर्यंत 'मठ्ठ' ठरली होती. फळ्यावरचं उतरवून घेत नाही म्हणून घरीही मार, शाळेतही बोलणी. शेवटी कोणीतरी डोळे तपासले. तिला फळा दिसतच नव्हता! चष्मा लागला आणि पोरगी वाचायला लागली. तीन वर्षं तिनं मार खाल्ला तो एका चष्म्यापायी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तोही आपल्या पालघरातून. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात आहे. तुमच्या मुलाची तपासणी कोणत्या महिन्यात झाली, विचारलंत कधी मुख्याध्यापकांना? तसंच काही मुलांना अक्षरं उलटीसुलटी दिसतात, हुशार असूनही वाचता येत नाही. २००७ चा 'तारे जमीन पर' सगळ्यांनी पाहिला, रडलो, डोळे पुसले. पण आपल्या घरातल्या तशा पोराला आपण आळशीच म्हणतो. ते थांबवा आणि डॉक्टरला दाखवा.

दुपारच्या जेवणाचंही असंच. १९९५ साली योजना आली तेव्हा महिन्याला धान्य मिळायचं. शिजवलेलं अन्न द्या असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं २८ नोव्हेंबर २००१ ला दिला. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, हे त्याचं माप. ताटात डाळ आहे की पिवळं पाणी, हे आई जाऊन बघेल तरच कळेल. हे दान नाही, मोजून घ्यायची गोष्ट आहे. गिरणीत आपण पगाराची पावती मोजून घ्यायचो, तशी.

मोजणार कोण? त्याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. म्हणजे संगीत शिक्षकाची मागणी, वाचनालयाचं कपाट उघडण्याची मागणी, डोळे तपासणीची तारीख, हे सगळं तुम्ही लेखी घालू शकता. आणि आपण काय करतो? जयंतीच्या वर्गणीला रात्री अकरापर्यंत दारोदार फिरतो, पण शाळेच्या सभेची चिठ्ठी आली की पोराला सांगतो, 'कामावर गेलेत म्हणून सांग.' मग सह्या घरपोच येतात आणि ठराव पास होतात.

विहार समितीला माझी विनंती आहे. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास शाळेसाठी ठेवा. ज्यांची मुलं पालिका शाळेत आहेत त्यांची यादी महिला मंडळानं करावी. समितीत आपल्यापैकी कोण आहे ते शोधावं, आणि पुढच्या सभेला किमान पाच आयांनी जावं. अर्ज मी लिहून देतो, मजकूर तयार आहे. सही मात्र तुमची हवी, आणि पोचेवर शाळेचा शिक्का घ्यायला विसरू नका.

जयभीम. नमो बुद्धाय.