बाबांचा घाट, माझी कॅरॅव्हॅन

आज कोडिंगबद्दल काही नाही. आज एका घाटाबद्दल आणि माझ्या बाबांबद्दल बोलायचंय.

मी न्यूझीलंडमध्ये, ख्राइस्टचर्चला असतो. मागच्या जानेवारीत आई-बाबा पहिल्यांदाच इकडे आले. म्हटलं, कॅरॅव्हॅन भाड्याने घेऊ, गाडीमागे जोडू आणि आर्थर्स पासवरून पश्चिम किनाऱ्याला जाऊ. आई खूश, स्वतःचं स्वयंपाकघर सोबत! बाबा काहीच बोलले नाहीत. बाबा म्हणजे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. चिपळूण-कराड, कुंभार्ली घाट, वर्षानुवर्षं.

पहिला धडा सपाट रस्त्यावरच मिळाला. पाण्याचे कॅन, तांदळाची पिशवी, खुर्च्या, सगळं मी कॅरॅव्हॅनच्या मागच्या टोकाला भरलं होतं. इकडे मागे काही ओढत असाल तर वेगमर्यादा ताशी ९० किलोमीटर. मी ८५ वर होतो. समोरून ट्रक गेला, वाऱ्याचा झोत आला आणि कॅरॅव्हॅन डावी-उजवी डोलायला लागली. अशा वेळी पाय आपोआप ब्रेककडे जातो. पण जोरात ब्रेक मारायचा नाही. स्टिअरिंग सरळ धरायचं आणि अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू सोडायचा. नशीब, तेवढं आठवलं.

स्प्रिंगफील्डला थांबून जड सामान चाकांच्या वर, जरा पुढे सरकवलं. हिशोब सोपा आहे : कॅरॅव्हॅनच्या वजनाचा साधारण दहावा भाग जोडावर, म्हणजे टो बॉलवर यायला हवा, अर्थात गाडीची मर्यादा सांभाळून. वजन मागे गेलं की तो भार कमी होतो आणि शेपूट गाडीला हलवतं.

मग पोर्टर्स पास चढलो, ९३९ मीटर. पुढे आर्थर्स पास गावात चहा घेतला. तिथे किआ नावाचे पोपट गाड्यांची रबरं कुरतडतात, आई त्यांना हाकलत होती. सगळे हसत होतो. मग ९२० मीटरवरची खिंड आली आणि तिथून ओटिराचा उतार.

तिथे १९९९ साली पूर्ण झालेला ४४० मीटर लांबीचा पूल आहे. आधी नागमोडी वाट होती. आता रस्ता सुरेख आहे, पण उतार तीव्रच. माझी गाडी ऑटोमॅटिक, ‘डी’मध्ये. मागे चार-पाच गाड्यांची रांग. मी ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत होतो. थोड्या वेळाने जळका वास आला. ब्रेक नेहमीपेक्षा जास्त दाबावा लागत होता.

“बाजूला घे,” बाबा म्हणाले. दोन तासांतलं त्यांचं पहिलं वाक्य.

गाडी आणि कॅरॅव्हॅन मिळून ३५०० किलो. एवढं वजन १०० मीटर खाली उतरताना जी ऊर्जा सुटते, तिच्यात सुमारे दहा लिटर पाण्याला उकळी येईल. तुम्ही फक्त ब्रेकनेच गाडी रोखत असाल, तर बहुतेक सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाते. ब्रेक तापले की त्यांची पकड सुटते. हे गणित बीटेक झालेल्या मला येत होतं. पण पाय ब्रेकवरच होता.

अर्धा तास थांबलो. बाबा म्हणाले, “ज्या गिअरवर घाट चढतोस, त्याच गिअरवर उतरायचं. आणि वेग वरच कमी करायचा, वळणावर येऊन नाही.” मग मॅन्युअल मोड, दुसरा गिअर. इंजिन ओरडत होतं, पण गाडी रोखून धरत होतं. ब्रेक अधूनमधून, थोडाच वेळ, आणि लगेच मोकळा. मागे गाड्या साचल्या की रुंद जागा बघून बाजूला व्हायचं, बस्स.

खाली पोचल्यावर मी विचारलं, “बाबा, आधी का नाही बोललात?”

ते म्हणाले, “मला वाटलं, इथल्या गाड्या वेगळ्या असतील. तुला जास्त कळतं.”

मंडळी, तेव्हा मला काही बोलताच आलं नाही. त्यांनी एवढी वर्षं पन्नास-पन्नास माणसं सुखरूप उतरवली, आणि माझ्या गाडीत त्यांना बोलायचा संकोच वाटला. कारण विमानतळावरून घरी येतानाच मी दोनदा म्हटलं होतं, “बाबा, इकडे तसं नसतं.”

घाट इकडेही तसाच असतो. परतीच्या प्रवासात बाबा पुढच्या सीटवर होते, आणि प्रत्येक उताराआधी मी विचारत होतो, “बाबा, कुठला गिअर?”

तुमच्या घरी असं कोणी गप्प बसलेलं असेल, तर उतार सुरू व्हायच्या आधी विचारा. भेटू पुढच्या भागात. सावकाश चालवा!