संगणकाचे अन्न आणि स्मरण



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. वसंतातील व्याख्यानांत इतिहास यावा, अर्थकारण यावे, तत्त्वज्ञान यावे. सुटे भाग आणून संगणक जुळविताना पॉवर सप्लाय कोणता घ्यावा आणि मेमरी कोणती घ्यावी, हा काय व्यासपीठावरून बोलण्याचा विषय झाला? परंतु ज्या वस्तूवर मध्यमवर्गीय कुटुंब एका वेळी पन्नाससाठ हजार रुपये खर्च करते, जिच्यावर मुलांचा अभ्यास, दुकानाचा जमाखर्च आणि घरच्या लग्नकार्याची छायाचित्रे विसंबून असतात, तिच्या निवडीचा विचार चारचौघांत बसून केला तर त्यात वावगे काही नाही, असे आम्हांस वाटते.

तयार संगणक घेतला म्हणजे आतील निवड कंपनीने केलेली असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून भाग आणून तो जुळवायचा म्हटले की निवडीचा अधिकार आपला आणि तिची जबाबदारीही आपलीच. आता बहुतेक घरांत ही निवड कशी होते पाहा. प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणते, यावर महिनाभर चर्चा चालते. कारण त्यांची नावे मित्रांत सांगता येतात. पॉवर सप्लाय आणि मेमरी यांचा विचार शेवटी, उरलेल्या पैशांत. आमचे आजचे म्हणणे एवढेच की, हा क्रम उलटा आहे. या दोन भागांतील दोषाचे नुकसान त्यांच्यापुरते राहत नाही. वाईट पॉवर सप्लाय जाताना शेजाऱ्यांना घेऊन जातो. वाईट मेमरी तर जातच नाही, ती जागेवर राहून गुपचूप चुकीचे सांगत राहते.

प्रथम पॉवर सप्लायकडे वळू. आपल्याकडील दुकानदार त्याला ‘एसएमपीएस’ म्हणतो. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज घ्यायची आणि तिची १२, ५ व ३.३ व्होल्टची एकाच दिशेची, स्थिर वीज करून द्यायची, हे त्याचे काम. जुन्या संगणकांत ५ व्होल्टला महत्त्व असे; आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांचा जवळजवळ सारा भार १२ व्होल्टवर असतो. म्हणून खोक्यावरील मोठ्या आकड्याला भुलू नये; एका अंगाला चिकटविलेला बारीक अक्षरांचा तक्ता वाचावा. समजा, खोक्यावर ५०० वॅट छापले आहे आणि तक्त्यात १२ व्होल्टपुढे २५ अँपिअर आहेत. गुणाकार केला तर ३०० वॅट होतात. तेव्हा आपल्या कामाच्या दृष्टीने तो ३०० वॅटचाच पॉवर सप्लाय समजावा.

मग किती वॅटचा घ्यावा? याचा हिशेब घरच्या किराण्याच्या यादीइतकाच सोपा आहे. फक्त प्रत्येक वस्तूचे खरे माप धरले पाहिजे. रायझन ५ ७६०० या प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेले असते. प्रत्यक्षात त्याला ८८ वॅटपर्यंत घेण्याची मुभा आहे. इंटेलच्या कोअर आय-७ १२७०० वरही ६५ वॅटच लिहिलेले आहे आणि त्याची कमाल मर्यादा मात्र १८० वॅट आहे. सारखाच आकडा, पण भूक दुप्पट! यांपैकी रायझन घेऊन त्याबरोबर एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०६० हे कार्ड घेतले तर त्याचे ११५ वॅट. मदरबोर्ड, डिस्क, पंखे यांचे पन्नासएक धरा. बेरीज अडीचशेच्या थोडी पुढे जाते. कार्डाची कंपनी मात्र ५५० वॅटचा पॉवर सप्लाय घ्यावा असे सांगते.

ही दुप्पट कशासाठी, असे कोणी विचारील. कारण असे की, ग्राफिक्स कार्डाची मागणी एकसारखी नसते. क्षणाच्या अगदी लहान अंशापुरती ती सरासरीच्या पुष्कळ वर उसळते. सन २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे प्रमाण आले, त्यात ही उसळी सोसण्याची अटच घालावी लागली. दुसरे कारण आपल्या हवामानाचे. पॉवर सप्लायमधील विद्युत्-संचयकांचे, म्हणजे कपॅसिटरांचे तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात बंद खोलीचे तापमान काय असते ते आपण जाणताच. म्हणून ४० किंवा ५० अंशांवर पूर्ण भार वाहण्याची हमी दिली आहे काय, हे विचारून घ्यावे. ज्यांना ग्राफिक्स कार्ड लावायचेच नाही, त्यांना मात्र चांगल्या प्रतीचा ४५० वॅटचा पुरून उरतो. हजार वॅटचा घेतल्याने संगणक वेगवान होत नाही. अर्थात हजार वॅटचा घेतला म्हणून बिलही हजार वॅटचे येत नाही. जेवढे मागितले जाते तेवढेच तो भिंतीतून ओढतो, अधिक रूपांतरात वाया जाणारे.

या वाया जाण्याचे माप म्हणजे ‘८० प्लस’ हा शिक्का. ही योजना २००४ साली सुरू झाली. ब्राँझ, गोल्ड वगैरे तिच्या पायऱ्या आहेत. ३०० वॅटचे काम रोज चार तास चालते असे धरा. शेकडा ८० कार्यक्षमतेचा पॉवर सप्लाय त्यासाठी ३७५ वॅट ओढील. शेकडा ९० चा ३३३. वर्षाकाठी फरक सुमारे ६१ युनिटांचा. युनिटमागे आठ रुपये धरले तर पाचशे रुपयांच्या आत. पण हा शिक्का फक्त काटकसरीचा आहे. वीज किती स्थिर आहे आणि आत संरक्षणाची सोय आहे की नाही, याची ग्वाही तो देत नाही. ती ग्वाही हमीच्या वर्षांत पाहावी, आणि ज्यांनी पॉवर सप्लाय उघडून, यंत्रावर भार देऊन तपासले आहेत अशांच्या अहवालात पाहावी.

आपल्या घरांविषयी दोन शब्द बोलणे अवश्य आहे. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. तो दोष बहुधा पॉवर सप्लायचा नसून घराच्या अर्थिंगचा असतो. गाळणीतून येणाऱ्या अल्प विजेला जमिनीत जायला वाट नसली की ती कॅबिनेटच्या पत्र्यावर येते. आधी वायरमनला बोलवा, मग संगणक आणा. दुसरी गोष्ट वीज जाण्याची. चांगला पॉवर सप्लाय मोठ्या भाराखालीही सुमारे १६-१७ सहस्रांश सेकंद दम धरतो. तेवढ्यात यूपीएसने वीज हाती घेतली पाहिजे. घरच्या इन्व्हर्टरला साध्या पद्धतीत याहून अधिक वेळ लागतो. त्याला ‘यूपीएस’ अशी खूण असेल तर तिच्यावर ठेवावा. तिसरी सूचना अशी की, एका पॉवर सप्लायच्या सुट्या होणाऱ्या केबल दुसऱ्याला कधी लावू नयेत. डिस्ककडील टोक सर्वत्र सारखे असते, पण पॉवर सप्लायकडील टोकातील तारांचा क्रम कंपनीगणिक निराळा असतो. केबल बेमालूम बसते आणि डिस्क जळते.

आता मेमरी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली ‘टिफ्रॅक’ हा संगणक सुरू झाला. त्याच्या स्मृतीत ४० अंकस्थानांचे २०४८ शब्द मावत. आजच्या मापाने १० किलोबाइट. आज विद्यार्थ्याच्या साध्या संगणकात आपण १६ गिगाबाइट घालतो. म्हणजे सोळा लाखांहून अधिक पट. मात्र टिफ्रॅकची चुंबकीय कड्यांची स्मृती वीज गेली तरी टिकत असे. आजची टिकत नाही. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ मध्ये जिचे पेटंट मिळाले, तीच रचना आजही चालू आहे. प्रत्येक अंकासाठी एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा एक इवलासा साठा. हा साठा फुटक्या घागरीसारखा गळतो, म्हणून साधारणतः दर ६४ सहस्रांश सेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. स्मरण हे असे क्षणोक्षणी विजेवर जगते. म्हणूनच हे दोन विषय आम्ही एका व्याख्यानात घेतले.

मेमरी किती हवी? मेमरी म्हणजे स्वयंपाकघरातील ओटा, आणि डिस्क म्हणजे माळा. ओट्यावर जागा उरली नाही की प्रत्येक डबा माळ्यावरून काढायचा आणि पुन्हा चढवायचा. गृहिणी कितीही चपळ असो, स्वयंपाक रखडतो. लेखन, अभ्यास, हिशेब यांना १६ गिगाबाइट पुरतात. चलच्चित्रांचे संपादन करणाऱ्याने ३२ घ्यावे. आणि ते एका पट्टीत घेण्यापेक्षा सारख्या दोन पट्ट्यांत घ्यावे, म्हणजे प्रोसेसरला दोन वाटांनी माल मिळतो. डीडीआर ४ च्या ३२०० वेगाच्या एका पट्टीतून सेकंदाला २५.६ गिगाबाइट येऊ शकतात, दोघींतून ५१.२. मात्र पिढी पाहूनच घ्यावी. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या दोहोंना २८८ टोके असली तरी खाच निराळ्या जागी आहे; एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

वेगाच्या आकड्यांनी ग्राहक फार गोंधळतो. त्याची किल्ली एका भागाकारात आहे. पट्टीवर ‘सीएल’ म्हणून जो आकडा असतो त्याला दोन हजारांनी गुणावे आणि वेगाच्या आकड्याने भागावे. उत्तर नॅनोसेकंदांत येते. डीडीआर ४ ची ३२०० व सीएल १६ ही पट्टी घ्या: १० नॅनोसेकंद. डीडीआर ५ ची ६००० व सीएल ३०: पुन्हा १०. तीच डीडीआर ५ पण ४८०० व सीएल ४०: जवळजवळ १७. नवी पिढी एका वेळी माल पुष्कळ आणते, पण पहिला घास लवकर येईलच असे नाही. आणि ६००० ची पट्टी घेऊन बसविली तरी बायॉसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी ही सोय चालू केल्यावाचून ती आपल्या मूळच्या कमी वेगानेच चालते; पैसे दिलेले असतात, वेग मात्र घेतलेला नसतो. ‘आता दोन पट्ट्या घेऊ, पुढे आणखी दोन’ हा विचारही डीडीआर ५ मध्ये नडतो. रायझन ७००० मालिकेची अधिकृत मर्यादा दोन पट्ट्यांना ५२०० आहे आणि चार पट्ट्यांना ३६००.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. सन २००३ मध्ये बेल्जियममधील स्कारबेक येथे यंत्राने मतमोजणी झाली, तेव्हा एका उमेदवाराला शक्य होती त्याहून अधिक मते मिळालेली दिसली. जादा मते नेमकी ४०९६ होती. हा आकडा म्हणजे दोनाचा बारावा घात. स्मृतीतील एकच अंक शून्याचा एक झाला की एवढाच फरक पडतो. बाहेरून आलेल्या एखाद्या कणाने तो उलटला असावा असा तज्ज्ञांनी तर्क केला. तो सिद्ध झाला नाही. पण चूक सापडली ती केवळ आकडा अशक्य होता म्हणून. तो शक्य कोटीतला असता तर? आपल्या दुकानाच्या खातेवहीतील आकडा बहुधा शक्य कोटीतलाच असतो.

अशा चुका विरळ असतात, पण कल्पित नव्हेत. गुगलच्या हजारो संगणकांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात शेकडा आठांहून अधिक पट्ट्यांत चुका आढळल्या. उपायही जुना आहे. बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्येच चूक ओळखून दुरुस्त करणारी सांकेतिक पद्धत मांडली. तिच्या आधारावर ईसीसी मेमरी चालते. हिशेबाचे किंवा संशोधनाचे काम असेल आणि प्रोसेसर व मदरबोर्ड दोघांचीही संमती असेल, तर ती घ्यावी. डीडीआर ५ मध्ये चिपच्या आत जी दुरुस्ती असते, ती पूर्ण ईसीसी नव्हे, हे विक्रेता सांगत नाही. आणि साधी मेमरी घेतली तर निदान एक रात्र मेमटेस्ट ८६ प्लस हा फुकट मिळणारा कार्यक्रम तिच्यावर चालवावा. एक जरी चूक दिसली तरी पट्टी बिलासह परत न्यावी. ‘एवढे चालते’ हे उत्तर स्वीकारू नये. सन २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव भराभर चढले. अशा दिवसांत वापरलेल्या आणि बनावट पट्ट्या स्वस्तात पुढे केल्या जातात, तेव्हा ही परीक्षा अधिकच आवश्यक होय.

तात्पर्य, पैसे अपुरे असतील तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या. तो सावकाश चालेल, पण खरे उत्तर देईल. कॅबिनेटच्या रंगीत दिव्यांवाचून कोणाचे अडलेले नाही. वीज आणि स्मरण यांत मात्र हातचे राखू नका. हिशेब स्वतः मांडा, तक्ता स्वतः वाचा, आणि परीक्षा झाल्यावरच विश्वास टाका.