एका पिकअपची पंधरा वर्षें

अमेरिकेंतील खेड्यांत एखाद्या घरापुढें बाग नसेल, ओसरी नसेल. पण पिकअप मात्र हमखास उभी असते. पुढें दोघांतिघांना बसण्यापुरती केबिन, मागें उघडा हौदा, आणि ह्या दोहोंना पेलणारा पोलादी सांगाडा, एवढाच तिचा थाट. गवताच्या पेंढ्या, सिमेंटचीं पोतीं, सुताराचीं हत्यारें, आजारी वासरूं, हीं सारीं त्याच हौद्यांतून जावयाचीं. आणि रविवारीं तीच गाडी धुऊनपुसून सहकुटुंब प्रार्थनेला निघावयाची. शेतकऱ्याचा बैल आणि घरचा टांगा हीं दोन्ही कामें एकच यंत्र करूं लागलें, तर त्या यंत्रावर माणसाचा जीव जडतो ह्यांत नवल तें काय!

जनरल मोटर्स ह्या कंपनीचें नांव मुंबईस अपरिचित नाहीं. शिवडी येथील तिच्या कारखान्यांत १९२८ पासून शेव्हरोले मोटारी व ट्रक जोडले जात असत, आणि १९५४ पर्यंत तें काम चाललें. प्रस्तुत कथा मात्र त्यानंतरची आणि अमेरिकेंतलीच आहे. ती ह्याच कंपनीनें १९७३ चें मॉडेल म्हणून बाजारांत आणलेल्या आणि १९८७ पर्यंत बनविलेल्या पिकअपच्या पिढीची.

ह्या पिढीचें नांव मोठें गमतीचें आहे. कंपनीच्या कारागिरांनीं कडा थोड्या गोलावल्या, कांचा बाजूला वळविल्या, आणि तिला 'गोलसर रेषेची' गाडी म्हटलें. लोकांना मात्र ती पेटीसारखीच दिसली, आणि त्यांनीं तिचें नांव ठेवलें 'चौकोनी'. अर्थात् लोकांचेंच नांव टिकलें. शेव्हरोले व जी. एम. सी. अशा दोन नांवांनीं ती विकली जाई. 'सी' ह्या अक्षराची गाडी मागच्या दोन चाकांनीं ओढली जाई, तर 'के' अक्षराच्या गाडीच्या चारहि चाकांना इंजिनाचा जोर मिळे. अर्धा टन, पाऊण टन व एक टन असे तिचे तीन मुख्य प्रकार होते. दोन रांगांच्या बैठकीची आणि चार दरवाजांची मोठी केबिनहि ह्याच पिढींत शेव्हरोलेनें प्रथम दिली. पंधरा वर्षांत तोंडवळा थोडाफार बदलला, डिझेल इंजिनें आलीं, वजन कमी करण्याचे प्रयत्न झाले. पण मूळ घडण तीच राहिली. एवढा दीर्घ काळ एकच घडण चालणें ही तिच्या मजबुतीची मोठीच साक्ष होय.

ह्या गाडीच्या इतिहासाचा गाभा मात्र तिच्या रूपांत नसून एका टांकीच्या जागेंत आहे. मालमोटारीचा सांगाडा म्हणजे आडवी ठेवलेली एक शिडी होय. शिडीच्या दोन लांब बाजू त्या पोलादी तुळया, आणि पायऱ्या म्हणजे त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. इंजिन, केबिन आणि हौदा हीं सर्व ह्या शिडीवर बसवितात. आधींच्या पिढीच्या पिकअपमध्यें पेट्रोलची टांकी केबिनच्या आंत, बैठकीच्या पाठीमागें असे. चालकाच्या पाठीशीं पेट्रोल बाळगण्याची ही रीत चांगली नव्हती, हें उघड आहे. म्हणून १९७३ च्या गाडींत टांकी केबिनबाहेर काढण्यांत आली. आणि येथपर्यंत कंपनीचें पाऊल योग्यच होतें.

पण ती ठेवावयाची कोठें? शिडीच्या दोन तुळयांच्या मध्यें ठेवावी, तर तेथें दांडे, नळ्या व इतर यंत्रभाग ह्यांची दाटी. कंपनीनें ती तुळयांच्या बाहेर, गाडीच्या कुशीला लटकविली. बैलाच्या पाठीवर दोहों बाजूंना गोण्या लोंबाव्या, तशा प्रकारें दोन बाजूंना दोन टांक्या घेतां येऊं लागल्या. दोन्ही मिळून सुमारें ४० अमेरिकन गॅलन, म्हणजे जवळजवळ १५० लिटर पेट्रोल गाडींत मावे. १९७३ च्या ऑक्टोबर महिन्यांत अरब राष्ट्रांनीं अमेरिकेचें तेल बंद केलें, आणि पेट्रोलच्या पंपांवर मोटारींच्या रांगा लागल्या. अशा दिवसांत एकदां भरल्यावर शेंकडों मैल जाणारी गाडी कोणाला नको वाटेल? जो गुण म्हणून लोकांनीं उचलून धरला, त्याच गुणाच्या पोटांत दोष दडलेला होता.

दोष असा कीं, दुसरी गाडी बाजूनें येऊन आदळली, तर टांकी आणि ती गाडी ह्यांच्यामध्यें पातळ पत्र्यावांचून कांहींच नव्हतें. पोलादी तुळई टांकीच्या बाहेर असती, तर तिनें आघात झेलला असता; येथें ती टांकीच्या आंतल्या बाजूस होती. त्यामुळें टांकी दोहोंच्या मध्यें चेंगरली जाण्याचा संभव होता. टांकी फुटली कीं पेट्रोल सांडे, आणि ठिणगी पडली कीं आग. अशा अपघातांत कित्येकदां आघातानें माणूस वांचे, आणि आगीनें दगावे.

येथें कायद्याचा प्रश्न उपस्थित होतो. अमेरिकेंतील इंधनसुरक्षेच्या नियमाप्रमाणें अशा गाडीच्या बाजूवर एक जड अडथळा ताशी २० मैलांच्या वेगानें आदळवून पेट्रोल किती गळतें तें पाहिलें जाई. कंपनीचें म्हणणें असें कीं, आमची गाडी ह्या नियमांत बसते, आणि सर्व प्रकारच्या अपघातांचा एकत्र विचार केला तर ती इतर गाड्यांपेक्षां कमी सुरक्षित नाहीं. नियमांत बसण्याविषयींचें हें म्हणणें खोटें नव्हतें. परंतु रस्त्यावर समोरून वा बाजूनें येणारा ताशी २० मैलांचा हिशेब करून येत नाहीं. नियम हा किमान मर्यादा सांगतो. कर्तव्य तेथेंच संपतें कीं काय, हाच खरा वाद होता.

हा वाद १९९२ व १९९३ सालीं शिगेस पोंचला, आणि त्याला एक विचित्र वळण लागलें. १७ नोव्हेंबर १९९२ रोजीं एन. बी. सी. ह्या संस्थेनें 'डेटलाइन' ह्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत ह्या पिकअपवर दुसरी मोटार आदळविण्याचें दृश्य दाखविलें. त्यांत ज्वाळा भडकल्या. लक्षावधि प्रेक्षकांनीं तें पाहिलें. मात्र टांकी फुटली तर पेट्रोल नक्की पेटावें म्हणून गाडीखालीं खेळण्यांतल्या अग्निबाणांत असतात तशीं लहान ज्वलनयंत्रें बांधलीं होतीं, हें प्रेक्षकांना सांगितलेंच नव्हतें. कंपनीनें भंगारांतून त्या मोडक्या गाड्या शोधून काढल्या. ८ फेब्रुवारी १९९३ रोजीं कंपनीचे वकील हॅरी पिअर्स ह्यांनीं तो सर्व बनाव जाहीर सभेंत उलगडून दाखविला, आणि दुसऱ्याच दिवशीं एन. बी. सी. नें त्याच कार्यक्रमांत क्षमा मागितली. पुढील महिन्यांत तिच्या वृत्तविभागाच्या अध्यक्षांनीं राजीनामा दिला.

योगायोग असा कीं, ह्याच्या चार दिवस आधीं, ४ फेब्रुवारीस, अटलांटा येथील ज्यूरीनें ह्याच गाडीच्या आगींत मरण पावलेल्या एका तरुणाच्या आईवडिलांना १० कोटी ५२ लाख डॉलरची भरपाई ठरविली होती. तो निकालहि १९९४ सालीं वरिष्ठ न्यायालयानें रद्द करून फेरसुनावणीचा हुकूम दिला. परंतु त्या आठवड्यांत देशभर चर्चा झाली ती मृत तरुणाची नव्हे, तर अग्निबाणांची. टांकीची जागा तुळईच्या बाहेर होती, ही गोष्ट दाखविण्यास अग्निबाणांची गरज नव्हती. साधा आराखडा पुरेसा होता. खऱ्या गोष्टीला खोट्याचा टेकू दिला, म्हणजे टेकू निघाल्यावर खरी गोष्टहि पडल्यासारखी भासते. ज्यांचा शब्द वा चित्र एकाच क्षणीं हजारों घरांत जातें, त्यांनीं हें विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

सरकारी चौकशी मात्र थांबली नाहीं. १९९३ च्या एप्रिल महिन्यांत रस्ता-सुरक्षा खात्यानें गाड्या स्वखुषीनें परत बोलावण्याची सूचना केली. ती कंपनीनें नाकारली. १९९४ च्या ऑक्टोबरमध्यें वाहतूकमंत्री फेडेरिको पेन्या ह्यांनीं ह्या गाड्यांत सुरक्षेचा दोष असल्याचा प्राथमिक निर्णय दिला. एरवीं वांचले असते असे सुमारें १५० जीव बाजूच्या धडकेनंतरच्या आगींत गेले, आणि १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांत तरी हा धोका कंपनीस निश्चित ठाऊक होता, असें त्यांचें मत होतें. ह्यापुढें सक्तीची दुरुस्ती होईल असें वाटत असतांनाच डिसेंबरांत तडजोड झाली. कंपनीनें सुरक्षेच्या निरनिराळ्या कार्यांसाठीं ५ कोटी १० लाख डॉलरहून अधिक रक्कम द्यावयाची, आणि सरकारनें चौकशी बंद करावयाची. त्या पैशानें मुलांच्या सुरक्षित बैठका, संशोधन इत्यादि उपयुक्त कामें व्हावयाचीं होतीं; पण रस्त्यावर धांवणाऱ्या एकाहि जुन्या पिकअपची टांकी त्यामुळें हललीं नाहीं. मालकांच्या वतीनें झालेल्या दाव्यांत तर प्रत्येकी १,००० डॉलरच्या सवलत-चिठ्ठीवर बोळवण करण्याचें घाटत होतें. आणि ती चिठ्ठी उपयोगी पडावयाची ती त्याच कंपनीची नवी गाडी घेतांना! सुमारें ६० लाख मालकांचा प्रश्न अशा रीतीनें मिटविण्यास फिलाडेल्फिया येथील अपील न्यायालयानें १९९५ सालीं नकार दिला.

पिढी म्हणून ह्या गाडीचा काळ तोपर्यंत संपला होता. मोठ्या केबिनच्या व इतर कांहीं गाड्या १९९१ पर्यंत जुन्या घडणीवर निघाल्या, तेवढ्याच. त्यांतील उरलेल्या पिकअप आज हौशी लोक जिवापाड सांभाळतात. गंजलेले पत्रे बदलतात, रंग देतात, आणि वडिलांच्या वा आजोबांच्या आठवणीसाठीं त्या चालूं ठेवतात. त्यांचें प्रेम अस्थानीं आहे असें कोण म्हणेल? त्या गाडीनें पिकें बाजारांत नेलीं, घरें बांधण्यास मदत केली, आणि पंधरा वर्षें मेहनती माणसांची साथ केली. तिची मजबुती खरी होती, आणि तिच्या कुशीला लटकलेला धोकाहि खरा होता.

कंपनीनें दोष कधींच कबूल केला नाहीं. तिच्या बाजूनें व विरुद्ध पुष्कळ कागद लिहिले गेले. परंतु तिनेंच १९८८ सालीं जी नवी पिकअप आणली, तिची टांकी दोन तुळयांच्या आंत बसविलेली होती. न्यायालयें, मंत्री आणि वार्ताहर ज्या प्रश्नावर पुढें वर्षानुवर्षें झगडले, त्याचें उत्तर कारखान्यांतल्या आराखड्याच्या कागदावर आधींच काढून झालें होतें. रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाहीं.