खूण लिहून ठेवा



रेडिओवर बोलायला मला दिलेला विषय फार भारदस्त आहे : ‘घरोघरच्या पाककृती आणि आपला वारसा’. वेळ दहा मिनिटं. वारशावर बोलणारी माझ्याहून विद्वान माणसं पुष्कळ आहेत, ती बोलतील. मी माझी एक तक्रार घेऊन आले आहे आणि ती तुमच्या गळी उतरवल्याशिवाय या खुर्चीवरून उठायची नाही.

तक्रार आजीच्या वहीबद्दल आहे. ती वही आता घरोघरी सापडायला लागली आहे. माळ्यावरच्या ट्रंकेतून निघते, कोपऱ्याला हळदीचा हात लागलेला असतो, मध्येच दुधाचा हिशेब, धोब्याकडे दिलेले कपडे. मग तिचे फोटो काढतात, नातेवाइकांना पाठवतात, सगळ्यांचे डोळे भरून येतात. कुणी कुणी त्यातलं एखादं पान फ्रेम करून भिंतीवर लावतात. एवढं सगळं होतं, पण त्या पानावरचा पदार्थ काही कुणी करत नाही. आणि केलाच तर बिघडतो. मग म्हणायचं, ‘आजीच्या हाताची चव आता कुठून येणार!’

अहो, हाताला चव नव्हती. हाताला माहिती होती, आणि ती वहीत उतरलेली नाही.

माझ्या आत्याच्या वहीत चकलीच्या भाजणीची नोंद आहे. तांदूळ चार चिपटी, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक, धणे-जिरे नेहमीप्रमाणे, भाजून दळणे. संपलं! ‘भाजून दळणे’ या दोन शब्दांत बाईंनी अख्खी दुपार गुंडाळून ठेवली आहे. तांदूळ फुलून हाताला हलके लागेपर्यंत भाजायचे. हरभऱ्याची डाळ तांबूस व्हायला हवी, नाहीतर चकलीला कच्च्या पिठाची चव राहते. उडीद जरा पुढे गेला तर सगळी भाजणी कडवट. म्हणून प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं आणि धणे अगदी शेवटी, तापलेल्या कढईत नुसते परतून घ्यायचे. यातलं एक अक्षर वहीत नाही. असणार कसं? वही तिनं स्वतःसाठी लिहिली होती. जे तिला येत होतं ते ती कशाला लिहील? विसरायला होणारं तेवढं लिहिलं, म्हणजे आकडे.

आकड्यांची गंमत अशी, की तेच आधी निकालात निघाले. चार चिपट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, हे आजच्या किती सुनांना ठाऊक आहे? मेट्रिक वजनमापांचा कायदा १९५६ साली आला आणि पुढच्या काही वर्षांत शेर-पायली दुकानांतून उठली. १९५७ साली आणे जाऊन नवे पैसे आले. आत्याच्या वहीत श्रीखंडाला ‘दोन आण्यांचं केशर’ लिहिलंय. आता दोन आण्यांचं केशर कुठल्या वाण्याकडे मागू? पण खरं सांगू का, याचं मला दुःख नाही. चिपटं गेलं तरी चार, दोन, एक हे प्रमाण कुठेच गेलं नाही. वाटीनं घ्या, पेल्यानं घ्या, चकली होईल. माप गेलं तर निभतं. खूण गेली तर निभत नाही. पदार्थ झाला हे कशावरून ओळखायचं, ती खूण. माझी तक्रार एवढीच आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नका.

कुणी म्हणेल, छापील पुस्तकं आहेत की! आहेत. मराठीत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापून निघालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ आलं, त्यात पाठारे प्रभूंच्या स्वयंपाकघराचा खजिना आहे. आणि १९७० साली कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’. तिनं वाटी-चमच्याचं माप दिलं आणि परगावी एकट्या पडलेल्या किती मुलींचे संसार मार्गी लावले! पुस्तकांबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. पण पुस्तक सगळ्यांसाठी लिहिलेलं असतं. तुमच्या घरात आमटीला गूळ नावापुरता का, सांडग्यांत कोहळा का, हे त्यात सापडणार नाही. ते तुमच्याच घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ठाऊक असतं, आणि ते माणूस आज दुपारी पंख्याखाली पडलेलं असतं. त्याला कुणी विचारत नाही.

एकच पदार्थ घेऊ या, म्हणजे मी काय म्हणते ते नीट कळेल. अनारसे. दिवाळीला लागतातच, आणि अधिक महिन्यात जावयाला वाण देतात ते ३३ अनारशांचं. अधिक महिना बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो, म्हणून ३३. तोवर मागच्या खेपेचं सगळं विसरलेलं असतं, म्हणून दर अधिक महिन्यात माझा फोन वाजतो. ‘मावशी, अनारसा हसला हो!’ तुपात सोडल्याबरोबर विरघळून कढईभर पसरला. वहीत काय असतं? तांदूळ तीन दिवस भिजवणे, वाळवणे, दळणे, गूळ घालणे, थापणे, तळणे. बरोबरच आहे, पण त्यानं अनारसा होत नाही.

आता खुणा ऐका. तीन दिवस पाणी रोज बदलायचं, नाहीतर वास येतो. चौथ्या दिवशी तांदूळ उपसून पंच्यावर पसरायचे, सावलीत. किती वेळ? वेळ विचारू नका. मुंबईचा पावसाळा आणि सोलापूरचा उन्हाळा यांना एक वेळ कशी लागू पडेल? मूठभर तांदूळ हातात घट्ट दाबायचे. हाताला ओल लागली, पण पाणी उमटलं नाही आणि दाणे थोडे तळव्याला चिकटून राहिले, की लगेच कुटायला किंवा दळायला घ्यायचे. खडखडीत वाळले तर पुढे पीठ गूळ धरत नाही. पीठ बारीक चाळायचं. गूळ किसून घालायचा, पाणी अजिबात नाही, चमचाभर तूप. मळून गोळे करून डब्यात ठेवायचे. त्या वेळी पीठ कोरडं वाटतं आणि नवखी बाई घाबरून दूध घालते. घालू नका. गुळाला आपोआप पाणी सुटतं, दोन-चार दिवसांत गोळा मऊ होतो.

मग खसखशीवर बोटांनी थापायचा, आणि तुपात सोडताना खसखशीची बाजू वर. तो उलटायचा नाही. झाऱ्यानं कडेचं तूप वर उडवायचं. मधोमध बारीक बारीक भोकं पडायला लागतात आणि कड आधी रंग धरते. जाळी मध्यापर्यंत पोचली, की काढून चाळणीत तिरपा उभा करायचा, म्हणजे तूप निथळतं. हसला तर गूळ जास्त झालाय, थोडी तांदळाची पिठी राखून ठेवलेली असते ती मळायची. ती राखून ठेवायची हेही वहीत नसतं! आणि पसरतच नाही, दगड झाला, तर पिकलेल्या केळ्याचा नखाएवढा तुकडा.

बघा, एका पदार्थात किती खुणा निघाल्या. मूठ, रंग, जाळी, डब्यातला गोळा. यातली एकही ग्रॅममध्ये येत नाही. म्हणून म्हणते, खूण लिहा.

मला पाककृती ही विरजणासारखी वाटते. विरजण काही कपाटात जपून ठेवायची वस्तू नाही. रोज लावायचं, रोज खायचं आणि उद्यासाठी चमचाभर मागे ठेवायचं. दूध तुमच्या घरचं असतं, म्हशीचं असेल, पिशवीतलं असेल. विरजण मात्र कालचं, परवाचं, मागून आलेलं. आठ दिवस तसंच पडू दिलं तर आंबट होतं, तार सुटते. घाई करून कढत दुधात घातलं तर चोथापाणी. करंगळी बुडवून बघायची, कोमट लागलं की लावायचं. आणि संपलं तर शेजारीण आहे. आमच्याकडे दिवेलागणीनंतर दही देत नसत, पण त्याआधी कुणी वाटी घेऊन आलं तर नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही. गंमत अशी, की दोन महिन्यांनी आपलं विरजण बिघडलं तर त्याच शेजारणीकडून आणायचं. ते तिचं म्हणायचं की आपलं? आता ती फ्रेम केलेली वही. ते विरजण काचेत घालून भिंतीवर टांगल्यासारखं आहे.

हे विरजण किती लांबवर जातं, ते आपल्या बेने इस्राएल ज्यू लोकांकडे बघा. कोकणात, रायगडच्या गावांतून एके काळी तेलाचे घाणे चालवणारी ही माणसं, शनिवारी काम बंद म्हणून ‘शनवार तेली’. एलिया हन्नबी या प्रेषिताच्या नावानं ते मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गोड, सुकामेवा, सोबत फळं. १९४८ नंतर त्यातले पुष्कळ जण इस्राएलला गेले. तिथे लोद, दिमोना अशा गावांत आजही मलिद्याचं ताट होतं. पोहे कोकणातले आणि प्रार्थना हिब्रू. नववर्षाच्या सणाला गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात हलवा करतात. तो चीक किती आटवायचा, कढईची कड कधी सुटते, हे वहीनं नेलं नाही हो. कुणाची तरी आजी तिथल्या ओट्याशी उभी राहिली आणि नातीला म्हणाली, आता बघ.

आणि आठवणी सणासुदीच्याच पदार्थांच्या असतात असंही नाही. आपल्याकडे कितीतरी घरांत ‘सुकडी’ म्हटलं, की म्हातारी माणसं एकदम गप्प होतात. १९७२ चा दुष्काळ. खडी फोडायच्या कामावर सुकडी, म्हणजे पिठाचं कोरडं खाणं, वाटायचे, रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी मिळायची. त्या मिलोची भाकरी थापताना चिरायची. मग ती थापायची कशी, पीठ गरम पाण्यात किती वेळ ठेवायचं, हे ज्या बायकांनी तेव्हा शोधून काढलं त्या आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. ही पाककृती कुणाला हवी आहे? गोड नाही, फोटो चांगला येणार नाही. पण तुमचं घर त्या दुष्काळात कसं जगलं हे तिच्यात आहे, आणि ती कुणी लिहून घेतलेली नाही. पुरणपोळीचे लाख लेख निघतील. मिलोच्या भाकरीचा एक तरी काढा. मी हे अनेकांना सांगितलं. सगळे ‘हो, हो’ म्हणाले.

काचेपलीकडून निवेदिका बोटं दाखवतायत, म्हणजे दोनच मिनिटं राहिली. भराभर सांगते.

लिहून कसं घ्यायचं? आईसमोर वही-पेन घेऊन बसून ‘किती घालायचं?’ असं विचारू नका. ती ‘अंदाजे’ म्हणेल आणि तुम्ही चिडाल. तिला करायला लावा आणि शेजारी उभे राहा. प्रश्न विचारायचा तो ‘कधी?’ असा. गॅस बारीक कधी केलास? आता का थांबलीस? वास कसला आला? तिच्या हातातून काही सुटण्याआधी आपण मुकाट्यानं वाटीनं मोजायचं. फोनवर तिचा चेहरा टिपत बसू नका, कढईत काय चाललंय ते टिपा. फोडणीचा आवाज टिपा. मोहरी तडतडायची थांबते तो क्षण आवाजावरूनच कळतो, आणि हे मी रेडिओवर सांगते आहे म्हणून नव्हे. आणि लिहिताना प्रत्येक ओळीपुढे खूण लिहा. ‘पाच मिनिटं परतणे’ लिहू नका, ‘कांद्याची कड तांबूस होऊन तेल सुटेपर्यंत’ असं लिहा. खूण, खूण, खूण.

आणखी एक, हे खरं तर मी आधी बोलायला हवं होतं. ‘मुलीला शिकवते’ हे मला सगळ्या बायका सांगतात. मुलग्याचं काय? पंढरीच्या वाटेवर दिंडीचा स्वयंपाक, लग्नातली बुंदी, सत्यनारायणाचा शिरा, हे आचारी पुरुषही करत आले की. पाकाची तार दोन बोटांत धरून बघणारे हलवाई पुरुषच. मग घरातल्या मुलग्याला एकतारी आणि दोनतारी पाकातला फरक का कळू नये? माझ्या भाच्यानं यंदा दिवाळीला चिरोटे केले, साटा लावून, पापुद्रे मोजून घ्यावेत असे. त्याची बायको म्हणाली, मावशी, आता यांना रव्याच्या लाडवाचा पाकही दाखवा. मी त्याला म्हटलं, रविवारी ये, येताना जाड बुडाचं पातेलं घेऊन ये, कारण माझं पातळ आहे आणि पातळ बुडाच्या पातेल्यात पाक कडेनं आधी…

बरं, दिवा लाल झाला, वेळ संपली.