भाड्याच्या घरातले पाणी

घर स्वतःचे असले की माणूस अंगणात आड खणतो, गच्चीवरचे पाणी जमिनीत मुरवतो. भाडेकरूचे तसे नाही. भिंत मालकाची, नळ मालकाचा, डोक्यावरचा पत्राही मालकाचा. खिळा ठोकायचा तरी विचारावे लागते. मग पाणी वाचवायचे कसे? हा प्रश्न मला लातूरला पडला.

माझे माहेर नांदेडचे, गोदाकाठचे. सकाळ झाली की कालचे पाणी शिळे म्हणून मोरीत ओतायचे आणि हंडा नव्याने भरायचा, ही आमच्या घरची रीत. पुढे नोकरीमुळे लातूरला आले. एका वाड्यात दोन खोल्या घेतल्या. चार बिऱ्हाडे आणि हौद एक.

२०१६ चा उन्हाळा आपल्याला आठवत असेल. मांजरा धरण आटले. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. नंतर पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. तरी एवढ्या मोठ्या शहराला ते कुठवर पुरणार? आमच्या हौदात टँकरचे विकतचे पाणी पडे आणि पैसे चौघांत सारखे वाटले जात.

गोम इथेच होती. आम्ही भाजी धुतलेले पाणी कढीपत्त्याला, कपड्यांचे संडासाला, असे पुरवून वापरीत होतो. हौद मात्र तिसऱ्या दिवशी खडखडीत! शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "बाई, तुम्ही वाचवलं तरी पैसे तेवढेच द्यायचे. मग कशाला जिवाला त्रास?" त्यांचे तरी काय चुकले? सामाईक हौदात एकाची काटकसर दुसऱ्याच्या बादलीतून निघून जाते. पण मला तेव्हा हे कळले नाही. मी नको ते बोलून गेले आणि आठ दिवस दोन्ही घरांत अबोला होता.

तोड काढली ती घरमालकीण मावशींनी. "ज्यानं त्यानं आपापलं पिंप आणा. टँकर आला की भरून घ्या. जितकी पिंपं, तितके पैसे." दोनशे लिटरची निळी पिंपे दारोदार उभी राहिली. आमच्या लेकरांनी आतून रेघा मारल्या. इथवर सोमवार, इथवर मंगळवार. पाणी खाली जाताना डोळ्यांना दिसू लागले आणि दीड दिवसात संपणारे पिंप दोन दिवस जाऊ लागले. वहिनींचे तर आमच्याहूनही जास्त! शिळे पाणी हा शब्द आमच्या घरातून तेव्हाच गेला.

एक मात्र सांभाळावे. पिंपावर घट्ट झाकण हवे, नाहीतर फडके बांधावे. आणि आठवड्यातून एकदा ते रिकामे करून आतून घासावे. डेंग्यूच्या डासाची पैदास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात होते. घासलेले पाणी अर्थातच संडासाला.

मग पाऊस आला. पत्र्याच्या पागोळ्या अंगणात वाया जात होत्या. आम्ही एक पाइप उभा चिरून त्याची पन्हळ केली आणि पत्र्याच्या कडेला तारेने बांधली. खिळा एकही नाही. हिशेब सोपा आहे. शंभर चौरस फूट पत्र्यावर एक इंच पाऊस पडला की सव्वादोनशे लिटरांच्या वर पाणी होते, म्हणजे एक पिंप भरून सांडते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, पत्रा धुऊन निघतो. पिण्याला हे पाणी आम्ही वापरले नाही. कपड्यांना मात्र फार चांगले. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, पावसाच्या पाण्यात थोड्या साबणात काम होते. लातूरची तूरडाळ सगळीकडे जाते, पण बोअरच्या पाण्यात तीच डाळ शिजता शिजत नाही, हे आपल्यापैकी पुष्कळ भगिनींना ठाऊक असेल!

२०१९ साली आम्ही ते घर सोडले. पिंप टेम्पोत चढवले. यजमान पन्हळ सोडवायला शिडीवर चढले, तेव्हा मावशी म्हणाल्या, "ती राहू द्या." आणि शेवटच्या महिन्याच्या भाड्यातून त्यांनी शंभर रुपये कमी घेतले.