वेबसाईटचा सातबारा कुणाच्या नावावर?

(धाराशिव येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही चौघीजणी धाराशिवमध्ये वेबसाईट बनवण्याचं काम करतो. आमच्याकडे येणाऱ्यांत बचत गट आहेत, शेळीपालन करणाऱ्या बायका आहेत, खव्याचा व्यवसाय करणारा गट आहे, कौटुंबिक हिंसेच्या प्रश्नावर काम करणारं सल्ला केंद्र आहे. 'तुम्ही सगळ्यांना सोबत घेऊन काम करता म्हणे, ते कसं ते सांगा,' असं तुमचं म्हणणं होतं. संगणकाचं शास्त्र सांगत बसत नाही. दोनच प्रश्नांवर बोलते. पान आखताना कोण कोण बसलं होतं? आणि पान तयार झाल्यावर त्याची कागदपत्रं कुणाच्या नावावर झाली?

आपल्या जिल्ह्याला हे प्रश्न नवे नाहीत. १९९३ साल आठवा. त्या वर्षी ३० एप्रिलला स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेनं वेबचं तंत्र सगळ्या जगासाठी खुलं केलं. कुणीही वापरावं, मोबदला द्यायला नको. बरोबर पाच महिन्यांनी, ३० सप्टेंबरच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, दोन्ही जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. आपल्याकडचं सास्तूर जमीनदोस्त झालं. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण घरं पुन्हा बांधताना आपण जे शिकलो, ते वेबसाईट बांधतानाही उपयोगी पडतं.

तेव्हा घरं दोन तऱ्हांनी उभी राहिली. दोन्ही जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. तिथं शहरातल्या वसाहतीसारख्या सरळ रांगा आखल्या. बाजेवर बसून शेजारणीशी बोलायचं कुठं, जनावर बांधायचं कुठं, कडबा ठेवायचा कुठं, हे आराखडा काढणाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानं बाईला विचारलं नव्हतं. दुसरीकडे शेकडो गावांत जुन्या घरांच्या दुरुस्तीचा आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम झाला. त्यात लोकसहभागाची जबाबदारी स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेकडे होती. गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका 'संवाद सहायक' झाल्या. भिंतीत कोपऱ्याला काय घालायचं, सिमेंट किती लागतं, हे त्यांनी शिकून घेतलं, घराघरांत जाऊन सांगितलं आणि इंजिनिअरला प्रश्न विचारले. बाईला बांधकामातलं काय कळतं, असं म्हणणाऱ्यांना त्या कामातून उत्तर मिळालं.

संगणकाच्या बाबतीतही हा झगडा आधीच झालेला आहे, आणि तो कामगारांनी केला आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत लोखंड व धातू कामगारांच्या युनियननं क्रिस्टन नीगार्ड या शास्त्रज्ञाला सोबत घेतलं. कारखान्यात येणारी यंत्रणा आमच्याशी बोलून ठरवा, ही त्यांची मागणी होती. पुढे १९८१ पासून स्वीडनमध्ये छपाई कामगारांनी संशोधकांसोबत आपल्याला हवी तशी यंत्रणा आखली. लाकडाचे खोके आणि कागद मांडून त्यांनी कामाची नक्कल केली आणि यंत्र कसं असावं ते दाखवलं. म्हणजे संगणक यायच्या आधी कागद आला. आमची पद्धत त्याच जातीची आहे.

पहिल्या बैठकीला आम्ही लॅपटॉप उघडत नाही. सतरंजीवर बसतो आणि विचारतो, 'तुम्हाला फोन कुणाकुणाचे येतात? फोनवर लोक काय विचारतात?' एकेक उत्तर एकेका चिठ्ठीवर लिहितो. जिला लिहिता येत नाही ती सांगते, दुसरी लिहिते किंवा चित्र काढते. मग बायकांनी त्या चिठ्ठ्या लावायच्या: वर काय, खाली काय, कुठली चिठ्ठी नकोच. ती रांग म्हणजेच वेबसाईटचं पान. आम्ही नंतर संगणकावर तीच उतरवतो आणि तयार झालेलं पान त्यांच्याच साध्या फोनवर उघडून त्यांच्याच हातात देतो. बोट कुठं अडतं ते बघतो.

शेळीपालनाच्या गटाचं उदाहरण सांगते. गटाला मदत करणाऱ्या मंडळींना पहिल्या पानावर उद्घाटनाचा फोटो हवा होता: पाहुणे, हार, फीत. बायकांनी ती चिठ्ठी सगळ्यांत खाली सरकवली. एक मावशी म्हणाल्या, "गिऱ्हाईक पाहुण्याला बघाया येतंय का शेळीला?" त्यांच्या रांगेत वर आलं ते असं: उस्मानाबादी शेळीचा स्वच्छ फोटो, करडं कधी मिळतील, वय काय, वजन किती, लस दिली का, आणि फोन कुणी उचलायचा. पाठवणीचा खर्च कुणाचा, हेही त्यांनीच घालायला लावलं, कारण त्यावरून भांडणं झाली होती. गिऱ्हाइकाशी रोज बोलणाऱ्या बाईला जे माहीत असतं ते आम्हाला चार बैठका घेऊनही सुचलं नसतं.

भूम भागातल्या खव्याच्या गटाशी बोलताना वेगळीच गोष्ट पुढं आली. त्यांना 'ऑनलाईन ऑर्डर'ची व्यवस्था कुणीतरी सुचवली होती. बायका म्हणाल्या, खवा नासतो. दूध किती येईल हे सकाळी कळतं. रात्री कुणी परगावाहून पैसे भरले तर माल कुठून आणायचा? म्हणून पैसे भरायची सोय ठेवलीच नाही. आज माल आहे की नाही, एवढी एक ओळ ठेवली. ती त्या स्वतः रोज बदलतात. काही गटांना तर आम्ही स्पष्ट सांगितलं की तुम्हाला वेबसाईट नको, फोन नंबर आणि व्हॉट्सॲप पुरे आहे. सोबत काम करायचं म्हणजे आपला धंदा सोडून खरं सांगणंही आलं.

सल्ला केंद्राचं काम सगळ्यांत नाजूक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कधी तरी इंटरनेट वापरलेल्या बायका देशात ३३.३ टक्के निघाल्या, पुरुष ५७.१ टक्के. शिवाय पुष्कळ घरांत फोन एकच, तोही नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हातात. अशा फोनवर बाई मदत शोधते तेव्हा ते पानच तिला धोक्यात आणू शकतं. केंद्रातल्या कार्यकर्त्यांसोबत बसून आम्ही ठरवलं: नाव-गाव भरायचा फॉर्म ठेवायचा नाही. १८१ आणि ११२ हे नंबर सगळ्यांत वर. 'लगेच बाहेर पडा' असं मोठं बटण; ते दाबलं की हवामानाचं पान उघडतं. पण त्या बटणानं सगळं पुसलं जात नाही, फोनमध्ये नोंद राहते. म्हणून ती नोंद कशी पुसायची, हेही चार ओळींत लिहिलं. खोटा धीर देणारं पान नसलेलं बरं.

आता भाषेबद्दल. पुष्कळ संस्थांच्या जुन्या मराठी मजकुराची अक्षरं जुन्या फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट नसलेल्या फोनवर तिथं नुसती चिन्हं दिसतात. यावर तोडगा म्हणून मजकुराचा फोटो काढून चिकटवतात. फोटोतली अक्षरं शोधूनही सापडत नाहीत, आणि दृष्टिहीन बाईच्या फोनमधला वाचून दाखवणारा आवाज ती वाचेलच असं नाही. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच हवा. मुंबईच्या एक टाइप या अक्षरकारांच्या गटानं मुक्त, बलू असे देवनागरी फॉन्ट विनामूल्य दिले आहेत. तेव्हा पैसे नाहीत ही सबब चालत नाही. 'वाऱ्यावर', 'दुसऱ्या' हे शब्द नीट उमटतात का, एवढं पान स्वीकारण्याआधी जरूर तपासा. आणखी एक स्थानिक गोष्ट. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं, पण बाहेरचं गिऱ्हाईक अजून उस्मानाबाद असंही शोधतं. म्हणून पानावर दोन्ही नावं असू द्या.

फोटो आणि कहाण्या यांवर आपल्या संघटनांतच जास्त बोलायला हवं. देणगीदाराला दाखवायला 'पीडितेची कहाणी' लागते, आणि आपण ती देतो. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईची ओळख उघड करणं हा, मोजके अपवाद वगळता, गुन्हा आहे. पूर्वी दंड संहितेत कलम २२८ अ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. नाव बदललं पण गाव, जात, मुलांची संख्या लिहिली, तर शेजारच्या गावाला लगेच कळतं. बाकी फोटोंबाबतही आम्ही बाईला फोनवर ते पान दाखवतो आणि विचारतो, 'हे तुझ्या भावानं, सासऱ्यानं बघितलं तर चालेल?' आज ती हो म्हणाली आणि वर्षानं नाही म्हणाली, तर फोटो उतरवायचा. संमती मागे घेता येते, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही आहे. पण उतरवण्याआधी कुणी तो फोटो साठवून ठेवला असेल तर तो परत आणता येत नाही, हेही तिला आधीच सांगावं लागतं.

आता मुख्य मुद्दा, मालकीचा. एका गटाची वेबसाईट मोठ्या शहरातल्या एका कंपनीनं करून दिली होती. दिसायला छान होती. दोन वर्षांनी गटाला फोन नंबर बदलायचा होता. पासवर्ड कंपनीकडे. वेबसाईटचं नाव, म्हणजे ज्याला डोमेन म्हणतात ते, कंपनीच्याच नावावर नोंदवलेलं. नंबर बदलायचे पैसे मागितले, मग फोन उचलणं बंद झालं, आणि नावाचं वार्षिक भाडं कुणी भरलं नाही म्हणून एक दिवस पानच गेलं. बायकांनी त्या नावानं पिशव्या छापल्या होत्या, पाट्या रंगवल्या होत्या. घर आपण राखलं, सातबारा मात्र दुसऱ्याच्या नावावर निघाला.

ही गोष्ट आपल्याला चांगली ओळखीची आहे. १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली ती बाईचं नाव जमिनीवर लागावं म्हणून. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं वारसा कायदा बदलून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला. राबणारी एक आणि नाव दुसऱ्याचं, याविरुद्ध आपण इतकी वर्षं बोलत आलो. मग नव्या मालमत्तेबाबत गप्प का बसायचं?

म्हणून कुणाकडूनही वेबसाईट करून घ्या, आमच्याकडून घ्या किंवा दुसऱ्याकडून, पण या गोष्टी लेखी मागा. डोमेन गटाच्या नावावर, गटाच्या ईमेलवर आणि गटाच्या फोन नंबरवर नोंदवलेलं हवं. तो फोन सचिवाच्या नवऱ्याचा नको. पासवर्ड दोघींकडे हवा आणि पदाधिकारी बदलल्या की पासवर्डही बदलायला हवा. भाडं भरायची तारीख गटाच्या वहीत लिहून ठेवा. सगळ्या मजकुराची एक प्रत दर तिमाहीला आपल्याकडे घ्या. आणि हक्कांचा करार करा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरच्या माणसाकडून पैसे देऊन करून घेतलेल्या आराखड्याचा हक्क आपोआप आपला होत नाही. तो लेखी करून घ्यावा लागतो. करारात मुदत लिहिली नाही तर हक्क पाच वर्षांपुरताच आला असं धरतात. प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच.

शेवटी पैशाचं बोलते, कारण सोबत काम करणं फुकट होत नाही. चिठ्ठ्या लावायला बाई येते तेव्हा तिचा रोज बुडतो. निधी देणारे म्हणतात, पंधरा दिवसांत वेबसाईट दाखवा, मार्चच्या आत अहवाल हवा. पंधरा दिवसांत सरळ रांगांची वसाहत होते, घर होत नाही. आम्ही अंदाजपत्रकात बायकांच्या बुडालेल्या रोजाची रक्कम वेगळी लिहितो. काही जण ती ओळ कापतात. तिथं आम्हाला तुमची साथ हवी आहे. आराखडा करणाऱ्या मुलीचा वेळ मोजला जातो, तर माहिती सांगणाऱ्या बाईचाही मोजला गेला पाहिजे. ही मागणी एकट्या आमच्या चौघींनी केली तर तो धंद्याचा हिशेब वाटतो. सगळ्या गटांनी मिळून केली तर तो हक्क होतो.

तेव्हा परत गेल्यावर पहिलं काम हे करा. आपल्या संस्थेची वेबसाईट कुणाच्या नावावर आहे, ते आज संध्याकाळीच विचारा. उत्तर मिळत नसेल तर पुढच्या बैठकीत तो पहिला विषय ठेवा.