छोट्या गाडीभोवतीच्या गप्पा



या मालेत वेदान्तावर बोलणारे येतात, राज्यघटनेवर बोलणारे येतात. आमच्या नावापुढे ‘छोट्या रेल्वेच्या शौकिनांच्या सकाळच्या गप्पा’ असा विषय छापलेला पाहून दोघाचौघांनी आम्हांला वाटेत अडवून विचारले, “काय हो, संप-मोर्चे सोडून आता खेळण्यांच्या नादी लागलात की काय?” प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकतो. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर. माणूस गप्पांत शिकतो, गप्पांत धीट होतो, आणि गप्पांतूनच एक दिवस संघटना उभी राहते, हे आम्ही उभ्या आयुष्यात पाहिले. तेव्हा जिथे म्हणून माणसे रोज सकाळी जमून मनापासून बोलतात, तिथे कान देणे हा आमच्या धंद्याचाच भाग आहे.

प्रथम ही छोटी रेल्वे म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. लहान मुलाच्या हातातली किल्लीची गाडी ती हीच, पण वाढून मोठी झालेली. जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या वसंत जत्रेत किल्लीवर चालणारी गाडी मांडली. तिच्या रुळांचे तुकडे नंतर हवे तेवढे जोडून मार्ग वाढवता येत असे, आणि रुळांतल्या अंतराची मापेही कंपनीने ठरवून दिली होती. वाढवता येणारी वस्तू म्हटली की माणूस तिच्यात गुंतलाच. १९१० साली लंडनमध्ये या शौकिनांचा क्लब निघाला. १९२० साली लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी आपल्या गाड्या बाजारात आणल्या. हे गृहस्थ मूळचे मांस आयात करणाऱ्या पेढीतले कारकून. यंत्रविद्या कुठल्या महाविद्यालयात शिकलेले नव्हते; मुलांसाठी पत्र्याच्या भोके पाडलेल्या पट्ट्या कापता कापता त्यांना ‘मेकॅनो’ सुचले. पुढे १९३१ साली ते हुजूर पक्षातर्फे पार्लमेंटात गेले, म्हणजे आमच्या विरुद्ध बाकावरचे. तरी स्वतःच्या हिंमतीवर शिकलेल्या माणसाला आम्ही नमस्कार करतो, बाक कुठलाही असो.

आपल्याकडे पुण्यात कर्वे रस्त्यावर भाऊ जोशी यांनी १९९८ साली छोट्या रेल्वेचे संग्रहालय उघडले, ते आपणांपैकी कित्येकांनी मुलाबाळांसह पाहिले असेल. तिथे आत गेल्यावर मुले ओरडतात आणि बाप गप्प होतात. बाप गप्प झाला म्हणजे समजावे, रोग जडला!

आता हे लोक सकाळी बोलतात काय? आम्ही पुष्कळ ऐकले आहे. इंग्लंडातले असोत, अमेरिकेतले असोत की आपल्याकडचे, विषय ठरलेले. आधी हवा. पावसाळी हवेने लाकडी फळी फुगली आणि रूळ वाकले. उन्हाने रूळ ताणले गेले आणि सांधा उचलला. मग चहा. मग रुळावरची घाण. ही गाडी १२ व्होल्टच्या विजेवर चालते आणि वीज रुळांतून चाकांत जाते. रुळावर धुळीचा पापुद्रा बसला की इंजिन जागच्या जागी उचक्या देते. रूळ कशाने पुसावा यावर तीन माणसांची चार मते असतात. कोणी म्हणतो स्पिरिट, कोणी म्हणतो खोडरबर, कोणी म्हणतो नुसते फडके पुरे, बाकी सगळे थोतांड.

आणि मग निघतो गेजचा वाद. हा जरा नीट समजून घ्या, त्यात गंमत आहे. युरोप-अमेरिकेत एचओ नावाचे माप चालते. त्यात खरी गाडी ८७ पट लहान करतात. खऱ्या रुळांतले अंतर १४३५ मिलिमीटर; त्याला ८७ ने भागले की साडेसोळा मिलिमीटर येतात. हिशेब चोख. इंग्लंडातली इंजिने मात्र मुळात अंगाने बारीक. त्या काळच्या विजेच्या मोटारी त्यांच्या पोटात मावेनात. म्हणून तिथल्या कारखानदारांनी इंजिन थोडे मोठे केले, म्हणजे खऱ्याच्या सुमारे ७६ पट लहान, आणि रूळ ठेवले तेच साडेसोळाचे. परिणाम असा, की अंगरखा थोरल्याचा आणि पायजमा धाकट्याचा. त्या मापाने खरे रूळ बांधले तर त्यांतले अंतर सात इंच कमी भरेल. मग काही हट्टी लोक उठले; त्यांनी १८.८३ मिलिमीटरचे अचूक रूळ स्वतः घडवले. बाकीचे म्हणाले, “आम्हांला गाडी चालवायची आहे, फूटपट्टी नाही चालवायची.” हा वाद कित्येक दशके चालू आहे, आणि दोन्ही पक्ष एकाच किटलीतला चहा पितात. आपल्या देशी शौकिनांची पंचाईत वेगळी. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. ८७ ने भागा. सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात. बाजारात मिळतात ते साडेसोळाचे. म्हणजे आपली ब्रॉडगेज गाडी परक्याच्या अरुंद रुळांवर उभी करायची, नाही तर रूळ घरी बनवायचे. स्वावलंबनाचा प्रश्न टेबलावर येऊन बसतो तो असा.

आमच्या शहरात अशा पाचसहा जणांचा एक अड्डा आहे. एक सेवानिवृत्त सिग्नल फिटर, एक दंतवैद्य, एक बँकेतले कारकून, एक इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, अधूनमधून आम्ही. एकदा विद्यार्थ्याने मोठ्या हौसेने स्टेशन मांडले. कळ दाबली की सिग्नल पडतो, दुसरी दाबली की सांधा फिरतो. फिटरकाका बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “बाळ, सांधा अर्धवट असताना तुझा सिग्नल पडला. खऱ्या लाइनवर तू आत्ता गाडी पाडलीस.”

“काका, ही खेळातली गाडी आहे.”

“गाडी खेळातली असेल, सिग्नल खरा पाहिजे. आधी सांधा बसायचा, मग त्याला कुलूप, मग सिग्नल. क्रम चुकला तर दांडा हलताच कामा नये.”

मग त्या माणसाने वर्तमानपत्राच्या कडेवर पेन्सिलीने दांडे आणि पट्ट्या काढून दाखवल्या. सांधे आणि सिग्नल एकमेकांत अडकवण्याच्या या युक्तीचे पेटंट जॉन सॅक्स्बी या इंग्रजाने १८५६ साली घेतले, हे त्या मुलाला पुस्तकात सापडले असते. पण ज्याने तीस-पस्तीस वर्षे पावसात उभे राहून तो दांडा तेलपाणी केला, त्याच्या बोटांनी काढलेली आकृती त्याला पुस्तकात कुठून सापडणार? दंतवैद्य त्या दिवशी दवाखान्यात उशिरा गेले. आणि फिटरकाका, निवृत्तीनंतर ज्यांना घरी दोन वेळा ‘जेवायला चला’ यापलीकडे कोणी काही विचारत नव्हते, ते दुसऱ्या दिवशी अर्धा तास लवकर आले.

या गप्पांचा पहिला गुण हा, की इथे माणसाची किंमत त्याच्या पगारावर ठरत नाही, त्याला काय येते यावर ठरते. मुलांसाठी इंजिनांच्या गोष्टी लिहिणारे रेव्हरंड ऑड्री हे पाद्री होते. त्यांचे पहिले पुस्तक १९४५ सालचे. ते स्वतःची छोटी रेल्वे घेऊन प्रदर्शनांना जात. रॉड स्ट्यूअर्ट हा जगभर गाजलेला गायक. त्याने वीसहून अधिक वर्षे खपून एक अमेरिकन शहर रेल्वेसकट उभे केले, आणि २०१९ साली या छंदाच्या मासिकात ते छापून आले. गाण्याच्या दौऱ्यावर असताना इमारती रंगवण्यासाठी तो हॉटेलात वेगळी खोली घेई. असा माणूस शौकिनांत येऊन बसला तर त्याला पहिला प्रश्न गाण्याबद्दल येत नाही; विटांना रंग कुठला लावला, हे विचारतात. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९४६ साली विद्यार्थ्यांचा असा क्लब निघाला. टेलिफोनच्या यंत्रणेतले रिले मिळवून त्यांनी रुळांखाली तारांचे जाळे विणले. त्याच टोळक्यातली मुले पुढे पहिल्यावहिल्या संगणकांवर रात्री जागू लागली, आणि ‘हॅकर’ हा शब्द त्यांच्याच बोलीतून जगभर गेला. टेबलाखाली तारा जोडता जोडता चाललेल्या गप्पा कुठवर जातील याचा नेम नाही.

दुसरा गुण आम्हांला विशेष जवळचा. गप्पांतून गाऱ्हाणे निघते, आणि गाऱ्हाणे एकट्याचे नाही हे कळले की त्यातून नियम निघतो. अमेरिकेत त्या काळी एका कारखान्याचा डबा दुसऱ्या कारखान्याच्या डब्याला जुळत नसे; चाक एकाचे, रूळ दुसऱ्याचा, की गाडी घसरलीच. प्रत्येक जण आपापल्या माळ्यावर बसून आपल्याच हाताला दोष देत होता. १९३५ साली हे लोक एकत्र आले, राष्ट्रीय संघटना काढली, आणि चाकाची कड किती, रुळातली फट किती, जोडाचा आकडा किती उंचीवर, हे सारे मोजून लिहून काढले. हातात कायदा नव्हता, दंडुका नव्हता. तरी कारखानदार हळूहळू त्या मापांवर आले, कारण घेणारे एका तोंडाने बोलू लागले होते. मित्रहो, कामगार संघटना याहून काय वेगळे करते? ‘माझाच हात वाईट’ म्हणणाऱ्या माणसाला ती दाखवून देते, की मापच चुकीचे आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो आम्ही स्वतः अनेकदा ऐकवला आहे: हा खात्यापित्या लोकांचा शौक, गरिबाला रूळ ओलांडायचे ठाऊक, मांडायचे नाहीत. आक्षेपात तथ्य आहे. परदेशी इंजिनाच्या किंमतीत एखाद्या घरचा महिन्याचा किराणा येईल. पण पुठ्ठ्याचे डबे, आगपेटीची स्टेशने आणि फेकलेल्या खेळण्यांतल्या मोटारी यांवर उत्तम रेल्वे उभ्या राहिलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. खरी टंचाई पैशापेक्षा वेळेची आहे. मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी कोणी बक्षीस दिली नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या, तेव्हा १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. सुटी नसती तर छंद हा शब्द कामगाराच्या घरी कोशातच राहिला असता.

दुसरी गोष्ट. या छोट्या जगात सर्व काही असते: पूल, बोगदे, फाटक, झाडे. एचओ मापात माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा. फलाटावर टोपीवाला साहेब असतो, छत्रीवाली बाई असते. रुळावर वाकलेला गँगमन फार थोड्यांच्या मांडणीत दिसतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला तीन इंजिने चौदा डबे ओढत गेली, हे शाळेतले पोर सांगते. बोरघाट १८६३ साली खुला होईपर्यंत तो फोडताना हजारो मजूर मेले, हे कितीजण सांगतील? मे १९७४ मध्ये देशातल्या रेल्वे कामगारांनी वीस दिवस संप केला, आणि आठ तासांचा दिवस ही त्यांची एक मागणी होती, हे कोण सांगेल? आणि हीच छोटी इंजिने घडवणारे हात? लिव्हरपूलमधल्या हॉर्नबींच्या जुन्या कारखान्याला मालकांनी १९७९ च्या नोव्हेंबरात अचानक टाळे लावायचे ठरवले, तेव्हा तिथले कामगार, ज्यांत स्त्रिया पुष्कळ, आतच ठाण मांडून बसले. कारखाना वाचला नाही. पुढे इंग्रजी नावाच्या या गाड्या चीनमध्ये बनू लागल्या. आमच्या अड्ड्यावर आम्ही या गोष्टी सांगतो, तेव्हा कोणी कंटाळत नाही. उलट, त्या विद्यार्थ्याने आता आपल्या घाटात खोरे घेतलेली बारा माणसे बसवली आहेत; तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, पण आहेत.

आता मुख्य मुद्दा. गप्पांना तीन गोष्टी लागतात: हाताला काही काम, बसायला जागा आणि हक्काचा वेळ. या तिन्ही आज आपल्या शहरांतून हळूहळू जात आहेत. गिरण्या गेल्या, त्यांच्याबरोबर दरवाजावरच्या टपऱ्या गेल्या, आणि त्या टपऱ्यांवर रोज सकाळी एकमेकांची विचारपूस करणारी हजारो माणसे एकेकटी झाली. कंत्राटी कामगाराची पाळी बारा तासांवर जाते. त्याला शेजारच्या यंत्रावरच्या माणसाचे गाव ठाऊक नसते. निवृत्त माणूस बाकावर बसून रहदारी मोजतो. पुरुष माणसाला ‘मला एकटे वाटते’ असे म्हणता येत नाही, हे आम्ही घरोघरी पाहिले आहे. पण ‘माझे इंजिन अडते आहे, जरा बघता का?’ असे त्याला म्हणता येते. ऐकणाऱ्याला दोन्ही वाक्यांचा अर्थ कळतो. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकापासून अशाच माणसांसाठी गावोगाव सामायिक कामशाळा निघाल्या. तिथे लाकूड तासता तासता मने मोकळी होतात.

म्हणून आमचे मागणे फार मोठे नाही. आमच्या नेहमीच्या मागण्यांपेक्षा पुष्कळच लहान आहे. या नगरातल्या वाचनालयाने, नगरपालिकेने, एखाद्या शाळेने आपली एक खोली सकाळी दोन तास उघडी ठेवावी. तिथे एक लांब टेबल असावे, विजेचे एक बटण असावे, चहाची सोय असावी. ज्याला छोटी रेल्वे मांडायची त्याने ती मांडावी, ज्याला घड्याळ दुरुस्त करायचे त्याने ते करावे. फिटर, डॉक्टर, विद्यार्थी, घरकाम आटोपून आलेल्या भगिनी, सर्वांना खुर्ची एकाच उंचीची असावी. खोली मिळाली तर टेबल आम्ही आणतो. आमच्या युनियनच्या कचेरीत एक पडून आहे, त्याचा एक पाय तेवढा बसवून घ्यावा लागेल. त्या कामाला फिटरकाकांनी आधीच होकार दिला आहे.